आरएक्स १०० च्या सायलेन्सरमागचं गणित मांडणारा वाल्टर काडेन : ज्याचं गुपित घेऊन त्याचाच रायडर जपानी कंपनीकडे गेला

लातूर, निलंगा, उदगीर, शिरूर अनंतपाळ. या पट्ट्यात कुठल्याही गावात जा, एखादी तरी जुनी टू-स्ट्रोक गाडी सापडतेच. कुणाच्या वडिलांची आरएक्स १००, कुणाच्या मामाची यझदी, कुणाच्या शेतातल्या शेडमध्ये कडब्याखाली पडलेली राजदूत. काही वर्षांपूर्वी या गाड्या भंगाराच्या भावात जायच्या. आता त्यांना सोन्याचे दिवस आलेत. पोरं त्या बाहेर काढतात, रंग मारतात, टाकीवर स्टिकर लावतात आणि रील टाकतात.

रंग होतो, सीट होतं, मीटरसुद्धा मिळतं. पण गाडी अडते ती सायलेन्सरपाशी. ओरिजिनल सायलेन्सर गंजून चाळणी झालेला असतो आणि कंपनीनं तो बनवणं कधीच बंद केलेलं असतं. मग शोध सुरू होतो रेप्लिकाचा. कुणी पुण्याच्या नाना पेठेत फिरतं, कुणी दिल्लीच्या करोल बागेतून मागवतं, कुणी ऑनलाईन. दुकानदार सांगतो की सेम टू सेम आहे. क्रोम चकाचक असतं, बोल्टसुद्धा बरोबर बसतात.

आणि गाडी पळत नाही.

आवाज दणदणीत येतो, पण पूर्वीची ती ओढ गायब. मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो, प्लग बदलतो, पिस्टन रिंगवर संशय घेतो. पण बऱ्याचदा दोष असतो त्या नव्या कोऱ्या सायलेन्सरच्या पोटात. कारण टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज कमी करायचा डबा नसतो. तो इंजिनचाच एक भाग असतो.

हे आज कुठलाही चांगला मेकॅनिक सांगेल. पण ही गोष्ट मोजून, कापून, जोडून, रेसच्या मैदानावर सिद्ध केली ती पूर्व जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या इंजिनिअरनं. त्याचं नाव वाल्टर काडेन. त्याच्या कामावर जपानी कंपन्या जगज्जेत्या झाल्या. त्याला स्वतःला मात्र एकदाही वर्ल्ड चॅम्पियनशिप मिळाली नाही.

ड्रायव्हरचा पोरगा

वाल्टर काडेनचा जन्म १ सप्टेंबर १९१९ चा. गाव पोबरशाऊ, जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातलं डोंगराळ भागातलं गाव. तिथून जवळच चोपाऊ नावाचं गाव आहे. हे नाव लक्षात ठेवा, कारण अख्ख्या गोष्टीचा केंद्रबिंदू तेच आहे.

चोपाऊमध्ये डीकेडब्ल्यू या कंपनीचा कारखाना होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी डीकेडब्ल्यू ही जगातली सगळ्यात मोठी मोटारसायकल कंपनी होती आणि तिचं सगळं काम टू-स्ट्रोक इंजिनवर चालायचं. काडेनचे वडील याच कंपनीच्या विक्रीप्रमुखाचे ड्रायव्हर होते. त्यामुळं घरात गाड्यांचा विषय रोजचाच. १९२७ साली नुर्बुर्गरिंग हा जर्मनीतला प्रसिद्ध रेस ट्रॅक सुरू झाला, तेव्हा शाळकरी वयाचा काडेन तिथं हजर होता. इंजिनांचं वेड त्याला तिथून लागलं.

पुढं त्यानं केम्निट्झ शहरात तंत्रशिक्षण घेतलं. पण शिक्षण संपेपर्यंत दुसरं महायुद्ध पेटलं होतं.

बॉम्ब बनवणाऱ्या टीममधली वर्षं

१९४० साली काडेन बर्लिनजवळच्या हेन्शेल विमान कारखान्यात रुजू झाला. तिथं हर्बर्ट वॅगनर या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एचएस २९३ नावाच्या शस्त्रावर काम चालू होतं. विमानातून सोडायचा आणि रेडिओनं दिशा देत जहाजावर नेऊन आदळायचा असा हा बॉम्ब. पुढं ही टीम पीनेम्युंडे या नाझींच्या शस्त्र संशोधन केंद्रातही काम करत होती. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी या केंद्रावर मोठा हल्ला केला.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं की काडेन व्ही-१ या उडत्या बॉम्बवर काम करायचा आणि त्याच्या धडधडणाऱ्या इंजिनावरून त्याला सायलेन्सरची कल्पना सुचली. ऐकायला भारी वाटतं, पण तो व्ही-१ च्या कामात नव्हता. तो एचएस २९३ च्या टीममध्ये होता.

हे शस्त्र किती घातक होतं याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. २६ नोव्हेंबर १९४३ ला भूमध्य समुद्रात रोहना नावाचं जहाज याच एचएस २९३ नं बुडवलं. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं होतं आणि अमेरिकन सैनिकांना घेऊन भारताच्या दिशेनं निघालेलं होतं. हजाराहून जास्त अमेरिकन सैनिक त्यात मेले. जहाजावर भारतीय खलाशीही होते, त्यांच्यातल्या अनेकांनाही जलसमाधी मिळाली.

काडेनचं पुढचं काम कितीही मोठं असलं, तरी त्याच्या आयुष्यातली ही पाच वर्षं वगळून त्याची गोष्ट सांगता येत नाही.

छपराच्या कैच्या विकणारा इंजिनिअर

युद्ध संपलं. काडेन काही काळ अमेरिकनांच्या ताब्यात होता, नंतर सुटून आपल्या भागात परतला. तोपर्यंत जर्मनीचे तुकडे पडले होते आणि चोपाऊ सोव्हिएत रशियाच्या ताब्यातल्या पूर्व भागात गेलं होतं. डीकेडब्ल्यूच्या कारखान्यातली यंत्रं रशियनांनी उचलून नेली होती.

बॉम्बहल्ल्यांमुळं घरांची छपरं उडालेली होती. लोकांना लाकडी कैच्या हव्या होत्या. काडेननं लाकडाचा धंदा सुरू केला आणि छपराच्या कैच्या बनवून विकायला लागला. धंदा चालला, पण डोक्यातलं इंजिन काही बंद झालं नाही.

त्यानं डीकेडब्ल्यूची आरटी १२५ ही जुनी गाडी घेतली आणि स्वतःच तिच्यावर काम करून स्थानिक रेसमध्ये उतरवायला सुरुवात केली. ही आरटी १२५ साधीसुधी गाडी नव्हती. युद्धानंतर जगभरातल्या कंपन्यांनी हिची नक्कल केली. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेतली हार्ले डेव्हिडसनची छोटी गाडी, आणि १९५५ साली आलेली यामाहाची पहिलीवहिली मोटारसायकल वायए-१, या सगळ्यांचं मूळ हीच आरटी १२५. म्हणजे यामाहाचं मोटारसायकलमधलं पहिलं पाऊलच चोपाऊच्या डिझाईनवर पडलं होतं.

काडेनच्या गाड्या पळायला लागल्या तशी कारखान्याची नजर त्याच्यावर गेली. १९५३ साली सरकारी मालकीच्या त्या कारखान्यानं त्याला रेसिंग विभागाची जबाबदारी दिली. पुढं याच कारखान्याचं नाव एमझेड झालं, म्हणजे चोपाऊचा मोटारसायकल कारखाना.

टू-स्ट्रोकची जुनी खोड

काडेननं नेमकं काय केलं हे समजायचं असेल, तर टू-स्ट्रोकची खोड माहीत असायला हवी.

फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये, म्हणजे स्प्लेंडर किंवा बुलेटमध्ये, पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह असतात. आपल्या वेळेला उघडतात, वेळेला बंद होतात. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये सिलेंडरला असे व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की पोर्ट उघडतात, वर आला की झाकले जातात.

गंमत अशी की धूर बाहेर जायचं पोर्ट आणि ताजं मिश्रण आत यायची पोर्ट काही वेळ एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळं आत आलेलं ताजं मिश्रण न जळताच सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर पळतं. ताकद कमी मिळते आणि पेट्रोल वाया जातं. म्हणूनच १९५० च्या दशकात रेसिंगच्या जगात टू-स्ट्रोकला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. मैदान फोर-स्ट्रोकवाल्या इटालियन आणि ब्रिटिश कंपन्यांचं होतं.

पाईपच्या आत पळणारी लाट

काडेननं ठरवलं की बाहेर पळणारं मिश्रण परत आत ढकलायचं. पण ढकलणार कोण? तर धुराचीच लाट.

सोप्या भाषेत बघू. पोर्ट उघडलं की जळालेला वायू झटक्यानं बाहेर पडतो. त्यामुळं पाईपमध्ये दाबाची एक लाट तयार होते आणि ती आवाजाच्या वेगानं पुढं पळते. पाईपचा आकार जिथं बदलतो तिथं ही लाट परत फिरते. पाईप हळूहळू रुंद होत गेला, तर परत येणारी लाट ओढ लावते, म्हणजे सिलेंडरमधला उरलेला धूर खेचून घेते आणि त्याच्यामागून ताजं मिश्रण आत येतं. पुढं पाईप पुन्हा निमुळता झाला, तर तिथून परतणारी लाट ढकलते. ही ढकलणारी लाट पोर्ट बंद व्हायच्या अगदी आधी पोचली, की बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण ती परत सिलेंडरमध्ये कोंबते.

म्हणजे आधी पातळ नळी, मग फुगत जाणारा कोन, मग निमुळता होणारा कोन आणि शेवटी बारीक शेपटी. यालाच एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. कोंबडी गिळलेल्या अजगरासारखा दिसतो, तोच तो पाईप.

आता यातली खरी मेख वेळेची आहे. ७,५०० आरपीएमला इंजिनचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. धुराचं पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडं असतं, म्हणजे ४ मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर पळते. ४ मिलिसेकंदांत ती जाऊन-येऊन २ मीटर अंतर कापेल. म्हणजे लाट जिथून परत फिरते ती जागा पोर्टपासून साधारण १ मीटरवर हवी. पाईप दोन-चार इंचांनी लांब किंवा आखूड झाला की लाट उशिरा किंवा लवकर पोचणार, आणि सगळं गणित दुसऱ्याच आरपीएमला जाऊन बसणार.

असे पोट फुगलेले पाईप काडेनच्या आधीही होते. पश्चिम जर्मनीतल्या डीकेडब्ल्यूच्या रेस गाड्यांवर ते दिसले होते. क्रँककेसमध्ये मिश्रण सोडणारी फिरती चकती, म्हणजे डिस्क व्हॉल्व्ह, ही आरटी १२५ वर डॅनियल झिमरमान या रेसरनं आधी बसवली होती. काडेनचं मोठेपण हे की त्यानं अंदाजपंचे काम सोडून दिलं. ऑसिलोस्कोप वापरून त्यानं पाईपच्या आतल्या लाटा बघितल्या, मोजल्या. पत्रा कापायचा, कोन वळवायचा, वेल्ड करायचा, इंजिन टेस्टला लावायचं, आकडा लिहायचा आणि पुन्हा कापायचा. डिस्क व्हॉल्व्ह, मिश्रण आत आणणारं जादाचं पोर्ट आणि मोजूनमापून बनवलेला पाईप, या तिन्ही गोष्टी त्यानं एकत्र बसवल्या.

निकाल बघा. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन १०,८०० आरपीएमला २५ हॉर्सपॉवर देत होतं. म्हणजे लिटरमागं २०० हॉर्सपॉवर. बाहेरून हवा कोंबणारा सुपरचार्जर न लावता हा आकडा गाठणारं ते जगातलं पहिलं इंजिन मानलं जातं.

हे सगळं चालू होतं पैशांची चणचण असलेल्या सरकारी कारखान्यात. चांगल्या प्रतीचा माल मिळायची मारामार, परकीय चलन नाही, टीम छोटी. समोर एमव्ही ऑगस्टा आणि होंडासारखे पैसेवाले. तरी १९५८ साली होर्स्ट फ्युग्नरनं स्वीडनमध्ये २५० सीसीची ग्रां प्री जिंकली आणि त्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला. १९५९ साली गॅरी हॉकिंग एमझेडवर दोन ग्रां प्री जिंकला. त्याला एमव्ही ऑगस्टानं लगेच आपल्याकडे घेतलं. काडेननं गाडी बनवायची, रायडरनं तिच्यावर नाव कमवायचं आणि श्रीमंत टीमनं रायडर उचलायचा, हे त्याच्या नशिबी लिहिलेलंच होतं.

सप्टेंबर १९६१

सगळ्यात मोठा घाव पुढं बसला.

अर्न्स्ट डेग्नर हा एमझेडचा हुकमी एक्का. नुसता रायडर नव्हता, इंजिनाची चांगली जाण असलेला माणूस. काडेनच्या कामातलं बरंच काही त्याला आतून माहीत होतं. १९६१ च्या सीझनमध्ये १२५ सीसी गटात त्यानं तीन ग्रां प्री जिंकल्या. चॅम्पियनशिप हाताशी आली होती. शर्यत होती ती होंडाच्या टॉम फिलिसशी.

पण पूर्व जर्मनीत वातावरण वेगळं होतं. १३ ऑगस्ट १९६१ पासून बर्लिनमध्ये भिंत उभी राहायला लागली. देशाबाहेर पडायचे रस्ते बंद झाले. रेसिंग टीम परदेशात जायची, तेव्हा घरचे लोक मागं राहायचे, म्हणजे रायडर परत येणार याची हमी.

त्याच काळात जपानची सुझुकी कंपनी रेसिंगमध्ये चाचपडत होती. त्यांच्या टू-स्ट्रोक गाड्या मागं पडायच्या. काडेनकडे जे होतं ते त्यांना हवं होतं. त्यांनी डेग्नरशी संधान बांधलं.

१७ सप्टेंबर १९६१. स्वीडनमधली क्रिस्टियानस्टाड ग्रां प्री. त्याच शनिवार-रविवारी डेग्नरची बायको-मुलं गाडीच्या डिकीत लपून पश्चिम जर्मनीत पोचली. इकडं रेसमध्ये डेग्नरचं इंजिन बंद पडलं. रेस संपल्यावर टीम त्याची वाट बघत राहिली आणि तो डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत निघून गेला. तिथून पुढं सुझुकीकडे.

त्या वर्षीची चॅम्पियनशिप टॉम फिलिसनं जिंकली. डेग्नर फक्त २ गुणांनी मागं राहिला. एमझेडच्या हातातली आयुष्यातली सगळ्यात मोठी ट्रॉफी गेली.

पुढच्याच वर्षी, १९६२ साली, डेग्नर सुझुकीवर ५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. सुझुकीची ती पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि टू-स्ट्रोक गाडीनं जिंकलेलीही पहिलीच. सीझन संपेपर्यंत सगळ्या जगाला कळलं होतं की चोपाऊचं गणित जपानी कारखान्यात पोचलंय.

डेग्नरला गद्दार म्हणायचं की कोंडलेल्या देशातून बायको-मुलांना बाहेर काढणारा माणूस, यावर आजही वाद होतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याचंही पुढं फार बरं झालं नाही. १९६३ साली जपानच्या सुझुका ट्रॅकवर झालेल्या अपघातात तो गंभीर भाजला. त्या ट्रॅकवरच्या एका वळणाला आजही डेग्नरचं नाव आहे, फॉर्म्युला वनच्या कॉमेंट्रीत ते ऐकू येतं. १९८३ साली तो गेला.

मागं राहिलेला माणूस

काडेन मात्र चोपाऊमध्येच राहिला. डेग्नर पळाल्यावर पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे स्टासीनं, त्याच्याकडे चौकशी केली. ज्याचं गुपित गेलं, त्यालाच उत्तरं द्यावी लागली.

तरी त्यानं काम थांबवलं नाही. १९६३ साली पूर्व जर्मनीच्याच झाक्सेनरिंग ट्रॅकवर माईक हेलवूड हा त्या काळचा सगळ्यात मोठा रायडर एमझेडवर बसला आणि २५० सीसीची रेस जिंकला. १९५५ ते १९७६ या काळात एमझेडनं एकूण १३ ग्रां प्री जिंकल्या आणि शंभरावर वेळा पहिल्या तिनांत जागा मिळवली. वर्ल्ड चॅम्पियनशिप मात्र शून्य.

तिकडे जपानी गाड्या सुटल्या. १९६४ साली यामाहानं टू-स्ट्रोकवर २५० सीसीची चॅम्पियनशिप घेतली. १९७५ साली जाकोमो अगोस्टिनीनं यामाहावर ५०० सीसीची सगळ्यात मानाची चॅम्पियनशिप जिंकली. तिथून २००१ पर्यंत त्या गटातला प्रत्येक चॅम्पियन टू-स्ट्रोकवर बसलेला होता. ज्या इंजिनाला १९५३ साली कुणी विचारत नव्हतं, त्यानं पाव शतक राज्य केलं.

काडेननं बर्लिनची भिंत पडताना बघितली, दोन्ही जर्मनी एक होताना बघितले आणि नव्या बाजारात एमझेडचं दिवाळं निघतानाही बघितलं. ३ मार्च १९९६ ला तो वारला.

आणि हे सगळं आपल्या गावात कसं पोचलं

१९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीनं यामाहाची आरडी ३५० भारतात राजदूत नावानं आणली. १९८४ मध्ये सुझुकीची एएक्स १०० आली, १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १००. पुण्याच्या बजाजनं कावासाकीबरोबर केबी १०० आणली. ट्रॅकवर सिद्ध झालेलं टू-स्ट्रोकचं शास्त्र, रोजच्या वापराला जमेल इतकं सौम्य होऊन, आपल्या रस्त्यांवर आलं.

९८ सीसीची आरएक्स १०० फक्त ११ हॉर्सपॉवर द्यायची, पण वजनाला हलकी आणि ओढीला जबरदस्त. तिचा सायलेन्सर बाहेरून सरळ, गुळगुळीत, क्रोमचा. रेसच्या गाडीसारखं त्याचं पोट फुगलेलं दिसत नाही. पण असल्या रोडच्या सायलेन्सरमध्ये लाटा परत फिरवायचं काम आतल्या भागांवर सोपवलेलं असतं, बाहेरून दिसतं ते फक्त कवच. योगायोग म्हणा, १९९६ सालीच, म्हणजे काडेन गेला त्याच वर्षी, आरएक्स १०० बनणं बंद झालं.

मग रेप्लिका निवडायचा कसा?

आता मुद्द्याची गोष्ट. काडेनचं आयुष्य समजलं असेल तर पुढच्या गोष्टी पाठ करायची गरज नाही, त्या आपोआप कळतील.

१. जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका. आधी तो वाचतो का बघा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑईलही जळतं, त्यामुळं आत काळा चिकट कार्बन साचतो आणि वाट बुजते. बऱ्याचदा बॅफल काढून कार्बन साफ केला, भोकं वेल्ड केली आणि पुन्हा क्रोम केलं तर काम होतं. नाहीच वाचला, तरी तो तुमचा नमुना आहे. नवा घेताना मापं त्याच्यावरूनच काढायची.

२. टेप घेऊन जा. पोर्टपासून निघणाऱ्या बेंड पाईपची लांबी आणि आतला व्यास, सायलेन्सरची लांबी, शेपटीच्या भोकाचा व्यास. ही चार मापं जुन्याशी जुळली पाहिजेत. वर बघितलं तसं, दोन-चार इंचांचा फरक म्हणजे लाटेची वेळ चुकली.

३. पोटात डोकावा. बॅफल काढून टॉर्च मारा. मोबाईलला जोडायचा वायरवाला कॅमेरा मिळतो, तो असेल तर उत्तम. आत कोन आणि पडदे आहेत की नुसता पोकळ डबा आणि मधून एक नळी? जुना आणि नवा दोन्ही काट्यावर ठेवा. नवा खूपच हलका भरला, तर आतला माल गायब आहे किंवा पत्रा पातळ आहे.

४. मॉडेलचं नाव नीट सांगा. आरएक्स १००, आरएक्सजी आणि आरएक्स १३५ दिसायला भाऊ-भाऊ, पण इंजिन वेगळं. बोल्ट बसला म्हणजे पाईप जुळला असं नसतं. राजदूत ३५० मध्ये जास्त ताकदीचं एचटी आणि कमी ताकदीचं एलटी असे दोन प्रकार होते, त्यातही घोळ होतो. जावा आणि यझदीच्या २५० सीसी गाड्यांत सिलेंडर एक असलं तरी दोन बाजूंना दोन सायलेन्सर असतात. तिथं एक जुना आणि एक नवा असं न करता जोडीच बदललेली बरी.

५. रेसचा पाईप गावात चालत नाही. फुगलेल्या पोटाचा एक्स्पान्शन चेंबर बघून मोह होतो. तो वरच्या आरपीएमला तुफान पळवतो, पण खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी वागते. मागं दुधाचे कॅन असतील, रस्ता खड्ड्यांचा असेल, तर रोजच्या वापराला तो कुचकामी. ट्रॅकवर काडेनच्या रायडरांना सतत गिअर बदलत इंजिन वरच्या आरपीएमला ठेवावं लागायचं. बाजारहाटाला जाताना ते कोण करणार?

६. बसवल्यावर ट्यूनिंग करा. सिलेंडरला पाईप जोडतात तिथलं गॅस्केट नवं टाका, तिथून धूर फुसफुसला की लाट तिथंच मेली. पाईप बदलला की कार्बोरेटरचं सेटिंगही तपासावं लागतं. काही दिवस चालवून प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आणि तसंच पळवत राहिलात तर पिस्टन जाम होऊ शकतो. सायलेन्सरच्या पैशांत वाचवलेले हजार रुपये मग बोअर-पिस्टनमध्ये जातात.

७. पुंगळी काढून फिरू नका. बॅफल काढला की आवाज वाढतो आणि गाडी पळतेय असं वाटतं. प्रत्यक्षात शेपटीची वाट मोकळी झाल्यानं पाईपमधला दाब बिघडतो आणि ताकद वाढण्याऐवजी कमीच होऊ शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडले, तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. असे जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या तुम्ही बघितल्याच असतील.

सगळ्याचं सार एवढंच. रेप्लिका घेताना क्रोमची चमक सगळ्यात शेवटी बघा. एक माणूस वर्षानुवर्षं पत्रा कापून-जोडून इंचाइंचाचा हिशोब लावत बसला, तेव्हा कुठं छोट्याशा इंजिनातून एवढी ताकद निघाली. तो हिशोब त्याच्याकडून नेणाऱ्यांनीसुद्धा पाईपच्या आतली मापं नेली होती, बाहेरचा रंग नाही.

तुमच्या घरात अशी जुनी टू-स्ट्रोक असेल, तर आज तिच्या बेंड पाईपची लांबी मोजून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुकानदार सेम टू सेम म्हणाला, की टेप काढायचा आणि मोजायला लागायचं.